तीनशे वर्षांची राखण कोण करणार?

खास प्रतिनिधी, नाशिक

अणुकचरा म्हटला की डोळ्यांसमोर येते ते अणुभट्टीतून निघालेले जळके इंधन. प्रत्यक्षात आकारमानाने सर्वाधिक कचरा असतो तो हातमोजे, पुसणी, गाळण्या, निकामी नळ्या आणि हत्यारे अशा मामुली वस्तूंचा. जगभरचा ढोबळ हिशेब असा, की सुमारे ९० टक्के अणुकचरा या अल्पतीव्रतेच्या गटात मोडतो. मात्र एकूण किरणोत्सारातील त्याचा वाटा जेमतेम एक टक्का असतो. धोका कमी असल्याने त्याची चर्चाही कमी होते. पण जबाबदारीची मुदत मात्र कित्येक पिढ्यांची आहे.

नाशिककरांसाठी हा विषय दूरचा नाही. शेजारच्या पालघर जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. देशात अशा कचऱ्यासाठी एकच मध्यवर्ती जागा नाही. प्रत्येक अणुकेंद्राच्या आवारातच त्याची व्यवस्था केली जाते. तारापूरही त्याला अपवाद नाही. कचरा दाबून किंवा जाळून त्याचे आकारमान घटवले जाते, गरजेप्रमाणे तो सिमेंटमध्ये बांधला जातो आणि तीव्रतेनुसार मातीच्या चरांत, काँक्रीटच्या खंदकांत किंवा पोलादी अस्तराच्या खोल नळकांड्यांत ठेवला जातो. भोवतालच्या कूपनलिकांतील पाणी नियमित तपासले जाते. कोकणपट्टीतील पावसाचे प्रमाण पाहता, पाणी आत झिरपू न देणे हीच यातील खरी कसोटी आहे.

ही राखण किती काळ करायची? सीझियम-१३७ चा किरणोत्सार निम्म्यावर येण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. असे दहा टप्पे उलटले की तो हजारांश उरतो. म्हणूनच अशा जागांवर ३०० वर्षे देखरेख हवी, असे मानले जाते. तीनशे वर्षांपूर्वी नाशिकचा कारभार गुलशनाबाद या नावाने चालत असे आणि काळाराम मंदिराची आजची वास्तू उभीही राहिली नव्हती. तेव्हापासून राजवटी बदलल्या, दप्तरे हलली. इथल्या तीर्थपुरोहितांनी वंशावळींच्या वह्या पिढ्यान् पिढ्या जपल्या, तशी चिकाटी सरकारी नोंदींत क्वचितच दिसते.

फ्रान्समधील ला मांश हे स्थळही १९६९ मध्येच सुरू झाले. १९९४ मध्ये कचरा स्वीकारणे थांबले, तेव्हा तेथे पाच लाख घनमीटरहून अधिक कचरा साठला होता. त्यावर आच्छादन घालून ३०० वर्षांच्या देखरेखीचे नियोजन करण्यात आले.

नोंदी हरवल्या तर काय घडते, हे दिल्लीतील मायापुरीने २०१० मध्ये दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठातील, कित्येक वर्षे पडून असलेले कोबाल्ट-६० चे उपकरण भंगारात विकले गेले. त्यात एकाचा मृत्यू झाला, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली. असा स्रोत अल्पतीव्रतेच्या कचऱ्यात मोडत नाही. परंतु धडा दोहोंसाठी एकच आहे. तेथे काँक्रीटला तडा गेला नव्हता. नोंदवही अपुरी पडली होती. लासलगावच्या ‘कृषक’ प्रकल्पात २००२ पासून कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्टच विकिरणासाठी वापरले गेले. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही. मात्र सव्वापाच वर्षांत निम्मा होणारा हा स्रोत अखेर कोठे जातो, याची नोंद पक्की असावीच लागते. कर्करोग रुग्णालये आणि कारखान्यांतील स्रोतांनाही हेच लागू आहे.

किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम देशात १९८७ पासून आहेत. आता मात्र प्रश्नाचा आवाका वाढत आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे उद्दिष्ट ठरले आहे, जैतापूरला मोठा प्रकल्प प्रस्तावित आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने खासगी कंपन्यांना या क्षेत्राची दारे उघडली आहेत. तारापूरचे जुने संचही कधी ना कधी मोडीत काढावे लागतील आणि त्यातून असाच कचरा मोठ्या प्रमाणात निघेल.

कंपनीचे आयुष्य तीनशे वर्षांचे नसते. अखेरचा भार सरकारवर, म्हणजेच जनतेवर येतो. त्यामुळे प्रत्येक नव्या प्रकल्पाला मंजुरी देतानाच कचऱ्याची जागा, देखरेखीचा निधी आणि नोंदींची जबाबदारी निश्चित व्हायला हवी. तपासणीचे निष्कर्षही आसपासच्या गावांना त्यांच्या भाषेत मिळायला हवेत. तंत्र उपलब्ध आहे. उणीव आहे ती पुढच्या दहा-बारा पिढ्यांचा विचार करणाऱ्या प्रशासनाची.