वहीतील चुका आणि ताटातील पथ्ये



कार्तिक शुद्ध पंचमी जवळ आली आहे. श्वेतांबर परंपरेत ही ज्ञानपंचमी, आणि व्यापारी घरांत हीच लाभपंचमी. सकाळी ग्रंथांची व लेखणीची पूजा होते आणि त्याच दिवशी दुकान उघडून नव्या वहीत पहिली नोंद केली जाते. दिगंबर बांधव श्रुतपंचमी ज्येष्ठात साजरी करतात. अक्षराला वंदन करण्याची भावना मात्र एकच. नेमक्या याच दिवसांत एका भगिनीचे पत्र आले. ते वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. म्हणून या वेळचे सदर त्या पत्राच्या उत्तरासाठीच खर्च करीत आहे.

त्यांचे कुटुंब एकत्र आहे. घरात दोन मुलगे आहेत. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा बारा वर्षांचा, आणि या भगिनींचा स्वतःचा पाच वर्षांचा. धाकट्याला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले आहे. कोणा परिचिताच्या सांगण्यावरून घरातील वडीलधाऱ्यांनी त्याचे दूध आणि गहू पूर्ण बंद केले. मूळचाच मोजके पदार्थ खाणारा तो मुलगा आता भात आणि मुगाचे पाणी यांवर आला आहे. त्याचे वजन घटले आहे. थोरला मुलगा दुकानात तोंडी हिशेब चुटकीसरशी करतो आणि कोणाकडे किती उधारी आहे हे वही न उघडता सांगतो. पण लिहायला बसला की ‘नारळ’चे ‘नाळर’ होते, काना-मात्रा गळतात, जोडाक्षरे फुटतात. “साधी चिठ्ठी धड लिहिता येत नाही, उद्या गादीवर बसून काय करणार?” असे म्हणून त्याला रोज बोलणी बसतात, कधी मारही बसतो. त्या भगिनी लिहितात, “एकाला पथ्य, दुसऱ्याला मार, आणि दोघांच्या आयांना बोल. आमचे नेमके काय चुकले?”

ताई, तुमचे काही चुकलेले नाही. घरातील वडीलही वाईट नाहीत. संकट आले की त्याचे कारण आपल्या हाताच्या टप्प्यात शोधावे, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून धाकट्याच्या बाबतीत ते ताटात शोधले गेले आणि थोरल्याच्या बाबतीत त्याच्या स्वभावात. दुर्दैवाने दोन्ही ठिकाणी शोध चुकीच्या जागी झाला.

आधी ताटाचा विचार करू. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून तिची सुरुवात बहुधा जन्मापूर्वीच झालेली असते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत काही नामांकित तज्ज्ञ या स्थितीचे खापर आईच्या थंड स्वभावावर फोडीत असत. 1964 साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, या मताचे सप्रमाण खंडन केले. आईवरील तो आरोप शास्त्राने मागे घेतला. आपल्या स्वयंपाकघरांत मात्र तो वेष पालटून परत येतो: गरोदरपणी काय खाल्ले, मुलाला काय भरवले.

गहू व दूध वर्ज्य करण्याच्या कल्पनेमागे एक तर्क होता. गव्हातील ग्लूटेन आणि दुधातील केसिन ही प्रथिने नीट न पचता त्यांचे अंश रक्तात उतरतात आणि मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, असे अनुमान काही संशोधकांनी मांडले. तर्क आकर्षक होता. पण कसोटीवर तो टिकला नाही. 2006 साली अमेरिकेत 15 मुलांवर एक प्रयोग झाला. 6 आठवडे पथ्याचे आणि 6 आठवडे नेहमीचे जेवण मुलांना देण्यात आले. केव्हा कोणते, हे पालकांना व तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मोजमापात दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही काही पालकांना आपल्या मुलात सुधारणा झाल्यासारखे वाटले होते. ते खोटे बोलत नव्हते. मूल वाढत असते, नवे शिकत असते, आणि आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना त्याचे श्रेय नव्या पथ्याला द्यावेसे वाटते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका काटेकोर प्रयोगात 14 मुलांचे पथ्य चालू ठेवून त्यांना गुप्तपणे गहू व दूध देऊन पाहिले. वर्तनात, झोपेत वा पोटाच्या तक्रारींत उल्लेखनीय बदल झाला नाही. ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शिकेत तर, स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असे वर्ज्य आहार देऊ नयेत, असे 2013 पासून स्पष्ट म्हटले आहे.

मग आहाराचा काहीच संबंध नाही का? आहे, पण निराळा. या मुलांना अन्नाचा स्पर्श, वास, रंग फार तीव्रतेने जाणवतो. म्हणून अनेकदा ती चार-पाच पदार्थांपलीकडे जात नाहीत. बद्धकोष्ठ व पोटदुखीही त्यांच्यात अधिक आढळते. ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, ते मूल किंचाळते, डोके आपटते, रात्र जागून काढते. अशा वेळी पोटावर उपचार केले की मूल शांत होते. तेव्हा तक्रार पोटाची असेल तर पोटाचा वैद्य गाठावा. गव्हाची शंका असल्यास सीलिॲक या विकाराची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करून घ्यावी. गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी ठरू शकते.

आपल्या घरांनी येथे अधिक सावध राहिले पाहिजे. कंदमुळांचा त्याग आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांमुळे मुलाचे पोषण अडत नाही. धान्य, डाळी, भाज्या, फळे आणि दूध एवढ्यात ते उत्तम होते. परंतु शाकाहारात बी-12 हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. दूध काढले की तो झरा आटतो. कॅल्शियमही उणे होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांच्या हाडांची जाडी कमी आढळली, आणि दूध वर्ज्य केलेल्या मुलांत ही उणीव अधिक होती. ज्याच्या ताटात मुळातच चार पदार्थ, त्यातील दोन काढून घेणे याला पथ्य म्हणता येत नाही. ताई, तुमच्या मुलाचे वजन घटते आहे, ही गोष्ट सर्वांत तातडीची आहे. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा, रक्तातील बी-12 व हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि त्यांच्या सल्ल्याने दूध-दही व पोळी पुन्हा सुरू करा. तो पैसा आणि ती जिद्द वाचा-उपचार व ऑक्युपेशनल थेरपी यांकडे वळवा.

आता थोरल्याच्या वहीकडे वळू. 1896 साली इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा तल्लख होता, गणितात त्याला अडचण नव्हती, डोळे निर्दोष होते. पण स्वतःच्या नावातील अक्षरांचा क्रमही तो उलटसुलट लिही आणि चूक त्याच्या ध्यानी येत नसे. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते की, सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आज या स्थितीला आपण डिस्लेक्सिया म्हणतो. शब्दातील ध्वनी सुटे करणे आणि प्रत्येक ध्वनीला त्याचे अक्षर जोडणे, एवढे एक काम अशा मेंदूला जड जाते. देवनागरीत तर उच्चारात व्यंजनानंतर येणारी पहिली वेलांटी लिहिताना व्यंजनाआधी येते, ‘र’ कधी डोक्यावर चढतो तर कधी पायाशी लागतो. अशा मुलाला हा सारा गोंधळच वाटतो. यात आळस नाही, आणि बुद्धीचाही दोष नाही. मार देऊन हे जुळत नाही, उलट भीतीने उरलेले अक्षरही पुसले जाते. ध्वनी, अक्षर, स्पर्श आणि उच्चार यांची सांगड घालून, क्रमाक्रमाने, विशेष शिक्षकाकडून शिकवल्यास मात्र निश्चित फरक पडतो.

शुद्धलेखनाचा अभिमान असावा; तो मलाही आहे. परंतु आपल्याच पणजोबांच्या वह्या उघडून पाहाव्यात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. मारवाडी पेढ्यांवरील महाजनी लिपीत तर काना-मात्राच गाळीत. ‘काकाजी अजमेर गया’ असे पत्र ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले जाऊन घरात रडारड झाल्याची गोष्ट आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगितली जाते. तरी त्या वह्यांवर पेढ्या उभ्या राहिल्या. ज्यांच्या वह्यांत मात्रा नव्हत्या, त्यांच्याच नातवाला मात्रा गळाली म्हणून मारणे शोभते का?

अशा मुलाची तपासणी साधारण आठव्या वर्षापासून करता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या दोहोंचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास महाराष्ट्रातील मंडळाच्या परीक्षांत वाढीव वेळ, आवश्यकतेनुसार लेखनिक आणि शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सवलत मिळते. अनेक कुटुंबे हे प्रमाणपत्र घेतच नाहीत. पुढे स्थळे येणार नाहीत, लोक काय म्हणतील, ही भीती असते. लोकांच्या त्या न उच्चारलेल्या शब्दासाठी मुलाची दहावी पणाला लावू नये.

काही जण म्हणतील, हे तर ज्ञानावरणीय कर्म. त्याला कोण काय करणार? त्यांनी तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय पुन्हा पाहावा. दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अंतराय आणणे हेही या कर्माच्या बंधाचे कारण म्हणून तेथे सांगितले आहे. शिकू पाहणाऱ्या मुलाला हिणवून त्याचे मन वहीवरून उडवणारा हा अंतरायच आणतो. मुलाच्या कर्माचा जमाखर्च मांडण्याआधी आपल्या वाचेचा मांडलेला बरा.

आणि माषतुष मुनींची कथा आपण सर्वांनीच ऐकली आहे. गुरूंनी ‘रोष करू नकोस, तोष मानू नकोस’ या अर्थाचे दोन लहान शब्दसमूह पाठ करण्यास दिले. तेवढेही त्यांच्या जिभेवर टिकेनात. ते ‘माषतुष’ असेच घोकीत राहिले. लोक हसले, त्यांचे नावच ते पडले. त्यांनी कोणावर रोष केला नाही, आणि त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेतही शिवभूती मुनींची अशीच कथा आहे. उडीद आणि त्याचे टरफल वेगळे होताना पाहून त्यांना आत्मा आणि देह यांतील भेद उमगला. दोन्ही परंपरांनी ही कथा शतकानुशतके जपली आहे.

ताई, या पंचमीला पूजेच्या पाटावर नव्या वहीशेजारी थोरल्याची ती चुकांनी भरलेली वहीही ठेवा, आणि धाकट्याच्या हाती दह्याची वाटी द्या. हे पत्र सासूबाईंना व दिरांना वाचून दाखवण्यास माझी हरकत नाही. तपासण्या झाल्यावर पुन्हा अवश्य कळवा. मी वाट पाहीन.

जय जिनेंद्र.