चौदांवरून चव्वेचाळीसांवर

डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. तेथील बास्केटबॉल संघाचे ‘पिस्टन्स’ हे नावही कारखान्यातूनच आले. फोर्ट वेन येथे पिस्टन तयार करणाऱ्या फ्रेड झोल्नर या कारखानदाराने हा संघ उभा केला आणि १९५७ साली तो डेट्रॉईटला नेला. १९८९, १९९० आणि २००४ अशी तीन विजेतेपदे पटकावणाऱ्या या संघाची २०२३-२४ च्या हंगामात पुरती दैना उडाली. ८२ सामन्यांपैकी त्याने अवघे १४ जिंकले आणि मध्यंतरी लागोपाठ २८ गमावले. एकाच हंगामात सलग इतके पराभव एनबीएमधील कोणत्याही संघाच्या वाट्याला त्यापूर्वी आले नव्हते. ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा त्याच्याच प्रेक्षकांनी दिल्या. याच संघाने पुढील हंगामात ४४ सामने जिंकले आणि एप्रिल २०२५ मध्ये पूर्व विभागात सहावा क्रमांक मिळवून बाद फेरीत थेट प्रवेश केला. क्रीडारसिकांनी याला चमत्कार म्हटले तर ते समजण्याजोगे आहे. परंतु चमत्कार म्हटले की कारणे शोधण्याची जबाबदारी संपते; आणि येथे कारणेच अधिक बोधप्रद आहेत.

भांडवलशाहीची पंढरी मानल्या गेलेल्या अमेरिकेत व्यावसायिक खेळांची व्यवस्था मात्र चांगलीच समतावादी आहे, हा एक मौजेचा विरोधाभास होय. युरोपातील फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. अमेरिकेत त्याला उलट बळ दिले जाते. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुर्बळ संघांना अग्रक्रम मिळतो, आणि १९८४-८५ पासून वेतनखर्चावर मर्यादा असल्याने धनाढ्य मालकाला सारे गुणी खेळाडू एकट्याने विकत घेता येत नाहीत. आपल्याकडे आयपीएलमध्येही लिलावातील खर्चाला अशीच मर्यादा घातलेली आहे. तत्त्व उघड आहे : स्पर्धा चुरशीची राहायची असेल तर दुर्बळाला हात द्यावाच लागतो.

तथापि प्रत्येक सवलतीला तिची सावली असते. हरण्याचे बक्षीस मिळू लागले की हरण्याचा मोह होतो. हंगामाच्या अखेरच्या आठवड्यांत वरचे संघ बाद फेरीसाठी जिवाचे रान करीत असतात, तेव्हा तळाचे काही संघ पराभवांची बेगमी करीत असल्याचा संशय येतो, तो यामुळेच. त्याला आळा घालण्यासाठी १९८५ साली सोडतीची पद्धत आली, आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रथम निवडीची सारखीच, म्हणजे १४ टक्के, संधी देण्यात आली. डेट्रॉईट २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वांत तळाशी होते. दोन्ही वेळा सोडतीत त्याच्या पदरी पाचवा क्रमांक पडला. २०२४ साली तर अवघी तीन टक्के संधी असलेल्या अटलांटाने पहिली निवड पटकावली. केवळ हरत राहून भाग्य उजळत नाही, याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

मग बदलले काय? केड कनिंगहॅम, जेलन ड्युरेन, आयझेया स्टुअर्ट, ऑसार टॉम्पसन ही तरुण मंडळी १४ विजयांच्या वर्षीही संघात होतीच. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर भांडवल होते, पूरक घटक नव्हते. २०२४ च्या उन्हाळ्यात ट्रेजन लँग्डन यांच्याकडे संघबांधणीची सूत्रे आली, आणि जे. बी. बिकरस्टाफ प्रशिक्षक झाले. वेतनमर्यादेतील शिल्लक जागा एखाद्या दिपवणाऱ्या नावावर उधळण्याऐवजी टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली या अनुभवी खेळाडूंसाठी वापरण्यात आली. दुरून अचूक फेक करणारे सहकारी भोवती असल्याने प्रतिस्पर्ध्यांना कनिंगहॅमभोवती कोंडाळे करता येईना. बचावालाही शिस्त आली. जानेवारी २०२५ च्या पहिल्याच दिवशी जेडन आयव्ही या उमद्या खेळाडूचा पाय मोडला, तरी संघाची घडी विसकटली नाही.

यावर असा आक्षेप निघेल की, कनिंगहॅम हा तरी २०२१ च्या प्रथम निवडीचाच लाभ नव्हे काय? आक्षेप खरा आहे. संधीवाचून आरंभच होत नाही; म्हणून दुर्बळाला अग्रक्रम देणारी व्यवस्था मोडीत काढा, असे कोणी सुचवू नये. परंतु ती प्रथम निवड हाती आल्यानंतरही संघ तीन हंगाम खाली खालीच गेला, हेही तितकेच खरे. संधी ही बियाण्यासारखी असते. पेरल्यावर राखण, मशागत आणि जाणता हात नसेल तर उत्तम बियाणेही वाया जाते. सततच्या पराभवाची खरी किंमत क्रमवारीत दिसत नाही. ती तरुण खेळाडूंच्या अंगवळणी पडणाऱ्या हताशपणात आणि तिकिटाचे पैसे मोजून विन्मुख परतणाऱ्या प्रेक्षकांत मोजावी लागते. ज्या शहराची नगरपालिका २०१३ साली दिवाळखोरीत निघाली, त्या शहराला ही किंमत अधिकच जड.

बाद फेरीत न्यूयॉर्कने डेट्रॉईटला चार विरुद्ध दोन सामन्यांनी हरविले. स्वतःच्या मैदानावरील तिन्ही सामने संघाने थोडक्यात गमावले. मात्र दुसरा सामना न्यूयॉर्कमध्ये १०० विरुद्ध ९४ असा जिंकून बाद फेरीतील सलग १५ पराभवांची, २००८ पासून चालत आलेली मालिका त्याने संपविली. विजेतेपद दूरच राहिले. पण मोलाची गोष्ट निराळीच होती. मागे पडलेल्यास संधी देणे हे न्यायाचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. जी व्यवस्था संधी देऊन हात झटकते, ती दुर्बळाला दुर्बळच ठेवून स्वतः न्यायी ठरल्याचे समाधान तेवढे मिळविते. डेट्रॉईटच्या चौदा आणि चव्वेचाळीस या दोन आकड्यांमधील अंतर हे त्या दुसऱ्या पावलाचे अंतर आहे.