महागाई शून्यावर आली, मग लोक रडतात कशाला?

परवा सोयाबीनच्या भावावर चार ओळी टाकल्या होत्या. त्याखाली आपल्याच गावच्या, आता पुण्यात स्थायिक झालेल्या एका मित्राने लिहिलं: देश ८.२ टक्क्यांनी वाढतोय, महागाई ०.२५ टक्क्यांवर आलीय, तरी तुमच्या भागातले लोक कायम रडतच असतात. कमेंटला भरपूर लाइक पडले, म्हणून उत्तर जरा लांब देतोय.

दोन्ही आकडे खरे आहेत. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीची वाढ ८.२ आणि ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के. सरकारी आकडा आला की तो खोटाच, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. पण ०.२५ कशामुळे झालं ते तरी बघाल की नाही? थोडा वाटा जीएसटी कपातीचा, मान्य. मोठा वाटा खाण्यापिण्याच्या वस्तूंचा. महागाई मोजायच्या तेव्हाच्या टोपलीत त्यांचं वजन जवळपास ३९ टक्के, आणि ऑक्टोबरात त्यांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी खाली होते. भाज्या २७ टक्क्यांनी पडल्या, डाळी १६ टक्क्यांनी.

आता सांगा, तूर काय हिंजवडीत पिकते का? तुमच्या किराण्याच्या बिलात जी बचत दिसते, तीच इथे मोंढ्यात आडत्याच्या पट्टीवर तोटा म्हणून लिहिलेली असते.

बरं, हे सगळं आपोआप झालेलं नाही. तुरीची आयात मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्त केली होती. पिवळा वाटाणा दोन वर्षं जवळपास मोकळा येत होता. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्टमध्ये काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तेव्हा. कांद्याचं तर विचारूच नका. आधी ४० टक्के निर्यात शुल्क, मग डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय मंत्री पडल्या, त्यात या कांद्याचा हात होता हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि सोयाबीन? २०२५ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. मोंढ्यात चार हजारांच्या आसपास, सप्टेंबरच्या पावसात भिजलेला माल त्याच्याही खाली. सरकारी खरेदी सुरू झाली नोव्हेंबरच्या मध्याला, दिवाळी होऊन गेल्यावर. तोवर ज्याला खतवाल्याची उधारी द्यायची होती, पोराची फी भरायची होती, त्याने विकून टाकलं होतं. जे थांबले त्यांना केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट. ज्या रानात आठ-आठ दिवस पाणी साचलं होतं, तिथला दाणा. आणि गंमत बघा, खाद्यतेल त्याच ऑक्टोबरात वर्षभरापूर्वीपेक्षा ११ टक्क्यांनी महाग होतं. सोयाबीनचा भाव पेंडीवर ठरतो आणि पेंड पडलेली आहे, हे व्यापारी नीट समजावून सांगतात. ते बरोबरही आहे. पण ज्या बाईने चार हजारांनी सोयाबीन घातलं, ती त्याच पिशवीत तेलाचा पुडा घेऊन घरी जाते. तिला महागाई शून्य झाली म्हणून सांगायची तुमची हिंमत आहे का?

आता लोक रडतात या मुद्द्यावर. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी घराघरांत जाऊन विचारते, वर्षभरापूर्वीपेक्षा परिस्थिती कशी आहे, आणि वर्षभराने कशी असेल? १०० च्या वर गेलं तर बरं म्हणणारे जास्त, खाली तर वाईट म्हणणारे जास्त. २०१९ च्या मध्यापासून आजच्या परिस्थितीचा निर्देशांक १०० च्या खालीच आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो ४८.५ पर्यंत गेला होता. तिथून बराच सावरला, पण रेघ ओलांडलेली नाही. आणि याच लोकांना पुढच्या वर्षाचं विचारलं की उत्तर १०० च्या बरंच वर.

आणि ही पाहणी मोंढ्यातली नाही बरं का! १९ मोठ्या शहरांतली आहे, त्यात मुंबई आहे, नागपूर आहे. म्हणजे 'रडणारे' तुमच्या सोसायटीतही आहेत. गावाकडची वेगळी पाहणी आता कुठे जाहीर व्हायला लागली.

पुढच्या वर्षाचं चांगलं बोलतात म्हणजे लोक सरकारवर खूश, असा अर्थ चॅनेलवाले काढतात. मला तो पटत नाही. पुढचं वर्ष बरं जाईल असं ज्याला वाटत नाही तो पेरणार कशाला? त्याच्याकडे दुसरा उपाय काय आहे? 'जगातली चौथी अर्थव्यवस्था' म्हटल्यावर इथेही लोकांची छाती फुगते, मी पाहिलंय. पण घरचं विचारलं की तोच माणूस बाजार समितीच्या पावत्या काढून दाखवतो. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. मतं मोजणारे पहिल्या उत्तरापाशीच थांबतात, कारण ते लवकर मिळतं.

सरकारला महागाई खाली ठेवायची तर ठेवू द्या, शहरातल्या गरिबालाही खायचं असतं. फक्त त्याचा खर्च कोण भरतो ते लिहा. हमीभाव जाहीर केलाय तर खरेदी केंद्र दसऱ्याआधी उघडा, आयातीची मुदत आमचं पीक काढणीला आल्यावर वाढवू नका. आपल्या खासदारांनी अधिवेशनात एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ.

आणि मित्रा, तू पण ये एकदा. सोमवारी ये, आवक जास्त असते. काट्यापाशी उभं राहू आणि लोकांना विचारू, देशाची अर्थव्यवस्था कशी चाललीय. उत्तर तूच लिहून घे.