खाली दुकान, वर घर

रमजानचा महिना होता. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले ७ जण गेले. आग वर पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. आपल्या चाकूरकडेही खाली दुकान, वर बिऱ्हाड असतेच. म्हणून आज हा विषय.

दुकानात एबीसी पावडरचा सिलिंडर ठेवा. कापड, कागद, पेट्रोल, वीज या सगळ्या आगींवर तो चालतो. जळत्या तेलावर किंवा चालू विजेवर पाणी टाकू नका. सिलिंडर मालामागे नको, दाराजवळ टांगा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला पाहा. वेळ आली तर पिन ओढा, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरा आणि दांडा दाबा. पावडर काही सेकंदांतच संपते; आग वाढली तर बाहेर पडा, १०१ ला फोन करा. जिन्यात माल रचू नका.

कारखाने, गोदामे यांना २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यावा लागतो. पण दाखला फाइलीत राहतो. पिन ओढणे घरातल्या बायका-मुलांनाही आले पाहिजे. या जुम्म्याला सगळ्यांना एकदा दाखवाच.