फुकट आणि मुक्त

आमच्या आजीला अक्षरओळख नाही. पण व्यवहार तिला आम्हा शिकलेल्यांपेक्षा अधिक कळतो. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मी वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, आधारकार्ड आणि माझी गुणपत्रिका मोबाईलवर स्कॅन करीत बसलो होतो. आजीने विचारले, "ह्येला पैसं किती पडलं रं?"

"कायबी न्हाई आज्जी, फुकाट हाय."

"फुकाट कोण देतंय व्हय? कायतरी घेत आसंलच त्यो!"

मी हसलो. रात्री त्या ॲपच्या अटी वाचल्या आणि हसू मावळले. माझे कागद कंपनीच्या संगणकावर जाऊन पडले होते. संपर्कयादी पाहण्याची परवानगीही मीच घाईघाईत देऊन बसलो होतो. घरची मिळकत शेजाऱ्याला सांगताना आपण दहादा विचार करतो. इथे मात्र एका बोटाने सारे सांगून मोकळा झालो!

'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द एक नव्हेत, हे मला त्या दिवसापासून उमगले. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या चळवळीचे म्हणणे साधे आहे. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी वापरण्याची, त्याची घडण तपासण्याची, त्यात बदल करण्याची आणि ते दुसऱ्याला देण्याची मोकळीक प्रत्येकाला हवी. आपल्या तासगावच्या सौद्यात बेदाणा हातात घेऊन पाहिल्याशिवाय व्यापारी बोली लावीत नाही. मग मोबाईलमधला माल मात्र आपण बंद पेटीतच का घ्यावा?

कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला सोर्स कोडमधले काय कळते? खरे आहे. पण गावच्या सोसायटीचे दप्तर तरी किती सभासद वाचतात? ते कोणालाही पाहता येते, एवढ्यानेच कारभाऱ्यावर वचक राहतो. उघडा कोड निर्दोषच असतो असे नाही. पण त्यातील दोष जाणकाराला दाखवून देता येतो.

आता प्रत्यक्षाकडे वळू. कागद स्कॅन करण्यासाठी मी आता 'ओएसएस डॉक्युमेंट स्कॅनर' वापरतो. त्यात काम मोबाईलवरच होते. 'ऑरगॅनिक मॅप्स'मध्ये नकाशा एकदा उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही वाट सापडते, आणि जाहिरातींचा त्रास नाही. 'किविक्स'मध्ये मराठी विकिपीडिया साठवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. वसतिगृहातल्या मित्रांना याचा मोठा उपयोग आहे. चित्रपट पाहण्याचे 'व्हीएलसी' तर अनेकांकडे असेलच. त्याचा उगम १९९६ साली फ्रान्समधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाला, हे किती जणांना ठाऊक आहे? अशी मुक्त ॲप्स एकत्र मिळण्याचे ठिकाण म्हणजे 'एफ-ड्रॉइड'.

सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. यांतली काही ॲप्स दिसायला ओबडधोबड आहेत, काहींत मराठी अपुरी आहे. वर्गाचा ग्रुप व्हॉट्सॲपवर असल्यामुळे मलाही ते सोडता आलेले नाही. म्हणून मी एवढेच म्हणतो : जिथे पर्याय आहे, तिथे तरी डोळे उघडे ठेवून निवड करावी.

आणि नुसते घेऊन थांबू नये. 'ऑरगॅनिक मॅप्स'चा नकाशा येतो तो २००४ साली सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'मधून. त्यात कोणीही भर घालू शकतो. वाडीकडे जाणारी पाणंद, ओढ्यावरचा पूल, प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्र यांची जागा परक्या माणसापेक्षा आपल्याला पक्की ठाऊक असते. भूगोल विभागाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराने एकेका गावाचा नकाशा मराठी नावांसह पुरा केला, तर रात्री-अपरात्री गाडी घेऊन येणाऱ्या अनोळखी चालकालाही वाट सापडेल. आमच्या गुरुजनांनी या सूचनेचा जरूर विचार करावा.

नवा स्कॅनर मी आजीला दाखवला, तेव्हा तिने पुन्हा तोच प्रश्न केला, "ह्यो काय घेतोय?" मी म्हणालो, "काय न्हाई आज्जी. लोकांनी मिळून केलंय. जमंल तसं आपुनबी द्यायचं."

ती म्हणाली, "मग बरं हाय. सार्वजनिक हिरीगत!"