अकरा गुणांचा शब्द

इंग्रजीतील 'क्यू' आणि 'आय' ही दोन अक्षरे शेजारी ठेवली की एक शब्द तयार होतो. स्क्रॅबलच्या पटावर त्याला अकरा गुण: क्यूचे दहा, आयचा एक. आमच्या कोल्हापुरात शब्दखेळांच्या स्पर्धेला बसणाऱ्या माझ्या ओळखीच्या कोणत्याही मुलाला झोपेतून उठवा, तो हा शब्द बिनचूक सांगेल. अर्थ मात्र विचारू नका! त्याचा उच्चार 'ची' आणि अर्थ चिनी कल्पनेतील प्राणशक्ती. ज्या शब्दाचा अर्थच प्राण, तो प्राण काढून घेऊन आपण मुलांच्या हाती देत आहोत. माझे भांडण आहे ते याच्याशी.

खेळाशी माझे वैर नाही. अमेरिकेतील मंदीच्या काळात काम गमावलेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञाने वर्तमानपत्रातील अक्षरे मोजली आणि कोणते अक्षर किती वेळा येते त्यावरून सोंगट्या व गुण ठरवले. 'ई' सर्वांत अधिक येते, म्हणून तिच्या बारा सोंगट्या आणि गुण एकच. क्यू क्वचित येतो, म्हणून सोंगटी एक आणि गुण दहा. १९४८ साली या खेळाला स्क्रॅबल हे नाव मिळाले. हिशेब चोख आहे. पण तो अक्षराच्या दुर्मीळपणाचा आहे, शब्दाच्या मोलाचा नव्हे. 'पाणी' याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला तेथे फारशी किंमत नाही.

याचे टोक कोठे जाते तेही जगाने पाहिले. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. काही आठवड्यांत त्यांनी फ्रेंच शब्दांच्या याद्या तोंडपाठ केल्या होत्या. त्या स्मरणशक्तीपुढे मी हात जोडतो. पण त्या विजयानंतर त्यांना फ्रेंच आले असे कोणी म्हटले नाही. आमचे पालक मात्र क्यू, झेड आणि एक्सच्या याद्या पाठ करणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून सांगतात, "आमच्या बंडूचं इंग्लिश फर्स्टक्लास आहे!" आणि आता तर यादीही पाठ करावी लागत नाही. अमुक अक्षर मध्ये असलेले पाच अक्षरी शब्द मोबाइलला विचारले की क्षणात पन्नास हजर. मग खेळले कोण? बंडू की मोबाइल?

कोणी म्हणेल, मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने इंग्रजीविषयी बोलू नये. त्याला मुलांनी इंग्रजी शिकायला नको आहे. उलट आहे, महाराज! मुलांना इंग्रजी यावे म्हणूनच मी ओरडतो आहे. अर्थावाचून घोकलेला शब्द तोंडात येत नाही, पत्रात येत नाही, मुलाखतीत तर मुळीच येत नाही.

माझ्या वर्गात शिरोळकडची एक ऊस पिकवणाऱ्या घरातली मुलगी होती. अशाच एका स्पर्धेच्या संघातून तिला वगळण्यात आले. कारण? तिला क्यूचे शब्द भराभर सांगता येईनात. पोर दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, "बाळ, 'ळ' असलेले शब्द सांग बघू." सुरुवात गुऱ्हाळापासून झाली. गूळ, गुळव्या, मळी, जळण. मग तिने मळी कशी काढतात आणि गुळव्या पाक कसा पारखतो ते वर्गाला समजावून दिले. शिरोळ, पन्हाळा, रंकाळा तर आमच्या पायाखालचेच. फळ्यावर जागा पुरली नाही. त्या मुलीला मंद ठरवणाऱ्या स्पर्धेला मी ज्ञानाची स्पर्धा कशी म्हणू?

परक्या भाषेचे शब्द कसे जमवावेत, हे एका इंग्रजानेच आपल्याला दाखवले आहे. मोल्सवर्थ लष्करात नोकरीला म्हणून या देशी आला आणि शास्त्र्यांच्या साह्याने मराठी शब्द गोळा करीत बसला. १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७ साली वाढवलेली आवृत्ती आली. त्याने शब्दाबरोबर अर्थ टिपला, छटा टिपल्या, म्हणी टिपल्या. म्हणून तो कोश आजही आपण उघडतो.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाची ताटे बाजूला झाली की शब्दांचा डाव जरूर मांडा. इंग्रजीचा मांडा, मराठीचाही मांडा. आजीला घ्या, धाकट्यांना घ्या. अट एकच ठेवा: जो शब्द सांगेल त्याने अर्थ सांगावा आणि तो वाक्यात घालून दाखवावा. अक्षराला एक गुण, अर्थाला दहा. एवढा एक नियम बदला, मग क्यू येऊ दे नाहीतर ळ. मूल हरले तरी एक शब्द कायमचा घेऊन उठेल.