रेंजच्या बाहेरच्या मैत्रिणी

मैत्रिणींनो,

या अंकाचे संपादकीय लिहायची पाळी माझी. विषय ठरवायला बैठक घ्यावी लागली नाही, कारण गेले वर्षभर तो मनात सलतो आहे. आपण खेडोपाडी, वाडीवस्तीवर हिंडतो तेव्हा मोबाईलवर किती विसंबायचे, आणि आपल्यावर विसंबलेल्या बायकांचे आपण रेंजबाहेर असताना काय होते, हा तो विषय.

आधी घडले ते सांगते. शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात चांदोलीकडे जाताना डोंगराच्या कुशीत लहान लहान वाड्या आहेत. तिथली एक बाई आमच्या कुपवाडच्या शिबिराला आली होती. तिची बहीण एमआयडीसीत कामाला, तिच्याकडे ती चार दिवस राहायला आली होती. नवऱ्याची मारहाण नेहमीची. शिबिर संपल्यावर मी तिला माझा मोबाईल नंबर दिला. कागद घरात सापडला तर पंचाईत, म्हणून तिने तो पाठ केला. मी म्हणाले, "काही झालं तर नुसता मिस्ड कॉल द्या. मी करते परत."

पुढे पावसाळ्याच्या तोंडाला मी दुसऱ्याच एका खोऱ्यात दोन दिवस मुक्कामाला होते. तिथे रेंज नाही. तिसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर एसटी आली आणि फोन वाजायला लागला. एकाच नंबरावरून सात मिस्ड कॉल, दोन दिवसांपूर्वीचे. मी तिथूनच घाईघाईने फोन लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "कोण पाहिजे?" मी गडबडले, फोन ठेवला. त्याने मात्र सगळे फोन तपासले. त्या रात्री तिला पुन्हा मार बसला, आणि या वेळी कारण माझा फोन होता.

ती वाचली. पहाटे उठून चालत रस्त्याला लागली, मिळेल त्या गाडीने बहिणीकडे कुपवाडला पोचली. भेटल्यावर तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "ताई, नंबर पाठ हुता माझा. पण नंबराच्या पलीकडं तुमी नव्हता."

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. अभ्यासक्रमात मुलाखत कशी घ्यावी, नोंदी कशा ठेवाव्यात, हे सारे होते. पण हिंडत्या कार्यकर्तीचा एकच नंबर देऊन एखाद्या बाईला निर्धास्त करणे ही फसवणूक ठरू शकते, हे मला त्या बाईने शिकवले.

फोन येण्याआधी आपल्या भागातल्या बायकांनी निरोप पोचवले नाहीत असे थोडेच आहे? १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रति सरकार चालले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच होता. त्या लढ्यात भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, पोलिसांच्या हालचालींची खबर देणाऱ्या किती बायका होत्या! क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील त्यांतल्याच एक. त्या कामात निरोप एका माणसावर कधी अवलंबून नसे. एक पकडली गेली तरी दुसऱ्या वाटेने तो जायचाच. खिशात यंत्र आले आणि आपण ही साखळी सैल सोडली.

यंत्राची मर्यादाही समजून घेऊ. मोबाईलच्या लहरींना डोंगर आडवा आला की पलीकडच्या दरीत त्या पोचत नाहीत. टॉवर उभारायचा तर गिऱ्हाईक किती हे कंपनी बघते, आणि वीस-पंचवीस घरांच्या वाडीत तिला नफा दिसत नाही. टॉवरला वीज लागते. पावसात वीज गेली, बॅटरी उतरली की टॉवरही मुका. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच फोन बंद पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा शहरातल्या शहरात आम्हाला आमच्याच मैत्रिणींचा ठावठिकाणा लागेना. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा रात्री डोंगरातल्या माणसाने कुणाला हाक मारायची?

सरकारला हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २४,६८० गावांत फोर-जी सेवा पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण गावे रेंजबाहेर असताना कारभार मात्र मोबाईलवर गेला. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो. फोटो चढला नाही तर खाडा, मग दिवसभर माती उपसलेली असो. अंगणवाडी ताईंना दिलेले फोन इतके कुचकामी निघाले, की २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी ते सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. आणि २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी ओटीपी यावा म्हणून बायका टेकडीवर जाऊन फोन वर धरून उभ्या राहिलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. रेंज नसणे हा बाईचा गुन्हा नाही, पण दंड तिला भरावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. टॉवर आला म्हणजे बाईच्या हाती फोन आला, असे होत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. खेड्यांत हे प्रमाण ४७ च्या आसपास. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३, पुरुष ५७. उरलेल्या जणी नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, मुलाच्या फोनवर बोलतात, तेही समोर कुणीतरी बसलेले असताना. पोरीच्या हाती फोन दिला की पोरगी हाताबाहेर जाते, ही भीती सगळीकडे सारखीच. जुलै २०१९ मध्ये गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या पुढाऱ्यांनी अविवाहित मुलींना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. वसतिगृहात ठरावीक वेळेत मोबाईल वापरायला बंदी होती, ती तिने पाळली नाही म्हणून तिला बाहेर काढले होते. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल आपल्या प्रत्येक शिबिरात सांगितला पाहिजे.

आणखी एक. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात, बाईला जे वापरण्याचा हक्क आहे त्या साधन-सुविधांपासून तिला अडवणे, हे आर्थिक छळात मोडते. म्हणून फोन हिसकावला, फोडला, सिमकार्ड काढून घेतले, तर तक्रार लिहून घेताना ते वगळू नका. "त्यात काय एवढं" असे बाई म्हणेल. तरी लिहा.

मग आपण काय करायचे? त्या प्रसंगानंतर आमच्या गटाने तीन बैठका घेतल्या, थोडी भांडणेही झाली, आणि काही गोष्टी ठरवल्या. पटल्या तर तुम्हीही करून बघा.

बाईला एका कार्यकर्तीचा नंबर द्यायचा नाही. गटाचा एक फोन कार्यालयात राहतो, तो पाळीपाळीने एकीकडे असतो, आणि ती त्या आठवड्यात गाव सोडत नाही. अनोळखी नंबरावरून मिस्ड कॉल आला तर लगेच उलट फोन करायचा नाही. बाईशी आधीच ठरवायचे, परत फोन कधी करायचा आणि दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचे. बचत गटाची बैठक कधी आहे, असे विचारले की कुणाला संशय येत नाही. फोनशिवायचा एक दुवाही हवा. आशा ताई, अंगणवाडी ताई, किराणा दुकानदारीण, कुणीही, पण त्या बाईने स्वतः निवडलेली. १८१ ही महिला हेल्पलाईन आणि ११२ हा तातडीचा क्रमांक पाठ करून घ्यायचा. आपल्या कार्डाची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीची असली, तरी ११२ लागू शकतो, हे अनेकींना माहीत नसते. जतच्या पूर्वेला, उमदी-संखच्या बाजूला फोन कधी कधी सीमेपलीकडचा टॉवर धरतो. तिथे आधी आपले गाव, तालुका, जिल्हा सांगायचा.

आपल्या स्वतःसाठीही शिस्त हवी. निघण्यापूर्वी वहीत मार्ग, मुक्कामाचे घर आणि परतीची एसटी लिहायची. किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काळजी करायची, तेही लिहायचे, आणि ती वही बघणारी मैत्रीण नेमायची. महत्त्वाचे नंबर कागदावर हवेत. दोन कंपन्यांची कार्डे, साधा बटणांचा एक फोन. रेंज अगदी कमी असेल तर बोलण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा एसएमएस करावा, तो निसटून जातो. "माझी काळजी करू नका" म्हणणे हे धाडस नव्हे. मागे राहिलेल्या मैत्रिणीवर तो अन्याय आहे.

या यादीने प्रश्न सुटत नाही, हे मला कळते. प्रत्येक वाडीला रेंज हवी, प्रत्येक बाईच्या हाती तिचा स्वतःचा फोन हवा, आणि फोन चालत नाही म्हणून कुणाचीही मजुरी वा हक्क बुडता कामा नये, ही मागणी आपण ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत लावून धरायची आहे. पण मागणी पुरी होईपर्यंत वाडीवरच्या बाईने थांबायचे तरी कुणाच्या भरवशावर?

ती बाई आता कुपवाडला राहते, एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. पहिल्या पगारातून तिने साधा फोन घेतला. गटाचा फोन पाळीने सांभाळणाऱ्यांत तिनेही आपले नाव घातले आहे. मागच्या महिन्यात रात्री अकराला फोन वाजला तेव्हा पाळी तिची होती. तिने तो उचलला.

तुमच्या भागात तुम्ही कशा निरोप पोचवता, कुठे चुकलात, कुठे जमले, ते जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू. नावे-गावे अर्थातच बदलून.

आपली मैत्रीण,
संपादक मंडळासाठी, कुपवाड